आठवा दिवस बाबीचा

आते,

गप्प बस. जिवंत असताना कधी गप्प बसली नाहीस, आता तरी बस आणि माझं ऐकून घे!

साडेनऊची एसटी आहे. फाट्यावरच्या शेडमध्ये बसून वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितेय. अकराला मालवणात, तहसील कचेरीत, आपल्या पाण्याची चौकशी आहे. तुझ्याशी भांडल्याशिवाय मला त्या साहेबासमोर उभं राहता येणार नाही.

तू गेल्यावर काय झालं ते आधी सांगते. व्हाळाचं पाणी जिथून खाली वाहत येतं, त्या वरच्या अंगाची जागा एकानं विकत घेतली. बंगले बांधलेत, पाहुण्यांना भाड्यानं देतो. त्यांना पोहायला टाकी केलीय, आणि टाकी भरायला आपल्या बांधाच्या वर पंप लावलाय. पंप सुरू झाला की खाली पाट कोरडा. पावसाळ्यानंतर लावलेलं वायंगणाचं भात आत्ता कुठे वीतभर झालंय आणि वाफ्यांना भेगा पडल्यात. मी बोलायला गेले तर हसून म्हणतो, "पाणी तुमचं? मग कागद दाखवा ना."

कागद! तुला कोणी असं म्हटलं असतं तर "शिरा पडली तुझ्या तोंडार" म्हणून तू त्याच्या पाइपावर ठाण मांडून बसली असतीस. माझ्यात ती धमक नाही. मी कागद शोधायला गेले.

कचेरीत कळलं, कायद्यानं व्हाळाचं पाणी सरकारचं. आपण पिढ्यान् पिढ्या घेतोय हे नुसतं सांगून चालत नाही, गावची वहिवाट नोंदलेली लागते. त्याची वेगळी वही असते, वाजिब-उल-अर्ज. कोणाची वाट कुठून जाते, कोणाच्या शेताला पाणी कधी, सगळं त्यात. नक्कल मिळवायला तीन हेलपाटे घातले. परवा मिळाली.

आपल्या गावाचं पान. पाण्याचा हक्क. त्याच्यापुढे एकच शब्द, निरंक. म्हणजे काही नाही! आणि खाली पंच म्हणून तुझी सही. तुझीच. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर वेगळी रेघ मारलेली.

निरंक, आते? दर कार्तिकात माती-पाल्याचा बांध घालायचा, मग आठ दिवस, आठ घरं, उजाडल्यापासून उजाडेपर्यंत एकेकाचं पाणी. हे कोण सांभाळत होतं? बाबांनी एकदा तासभर जास्त पाणी ठेवलं तर सख्ख्या भावाच्या वाफ्याचं तोंड पायानं चिखल लोटून बंद केलंस! आणि सरकारनं विचारल्यावर निरंक?

मीही काही कमी नाही म्हणा. लेखिका ना मी! तुझ्याकडून आठ घरांचा क्रम ऐकून घेतला आणि गोष्टीत घातला. प्रयोग म्हणून तो उलटा केला, दोन घरं गाळली, एक मनाचं घुसडलं. छापून आल्यावर तुला वाचून दाखवलं. तू म्हणालीस, "अशान सगळ्यांचा भात मरताला गो." मी केवढी हसले होते. आपल्या पाण्याबद्दल जगात छापलेलं तेवढं एकच आहे, आणि ते खोटं आहे.

नवीन नोंदीचा अर्ज केला. कचेरीतला माणूस वाईट नाही गं, चहासुद्धा पाजला. म्हणाला, "सात नावांचं लगेच करून देतो. आठवं काढा. त्याचा सातबारा नाही. ठेवलंत तर प्रकरण वर पाठवावं लागेल, मग कधी येईल सांगता येत नाही."

आठवं म्हणजे बाबी. बांध दरवर्षी तो रचतो, फुटला तर कमरेभर पाण्यात उभा राहून तोच बुजवतो. त्याबदल्यात आठवा दिवस त्याचा. पण ते पाणी तो लावतो व्हाळाकाठच्या सरकारी पडीवर, चवळी आणि लाल भाजीला. त्याच्या नावावर एक गुंठा नाही.

बाबा म्हणाले, "बाबीक पाणी आपण देतलव मा. आधी आपला बघ."

आणि मी हो म्हटलं. ऐकलंस? बाबीचं नाव काढायला हो म्हटलं मी.

काल बाबीला सांगायला गेले. तोंड कसं उघडायचं म्हणून आधी नक्कल दाखवली, तुझ्या नावानं बोटं मोडली. तो कोयतीला धार लावत होता. मान वर न करता म्हणाला, "मी थंयच होतंय. तलाठ्याक शहाळा सोलून दित होतंय."

"मग?"

"आते एकेक नाव सांगत होती, तो लिवत होतो. आठव्यार थांबलो. म्हणता, हेचो सातबारो नाय, हेचा लिवूक येवचा नाय. हेका तुमी तोंडी दिया. आते म्हणाली, मगे सगळ्यांचाच तोंडी ऱ्हवांदे. फाड ता पान."

"फाडलं?"

"फाडल्यान. मगे निरंक लिवल्यान."

"आणि तू काहीच बोलला नाहीस?"

"माका कागदातला काय कळता? माका बरा वाटला." मग धार अंगठ्यावर बघत म्हणाला, "माझा नाव काढ गो बाय. बांध मी घालतलंय, तू भियू नको."

इतका राग आला मला! त्याचा, माझा, बाबांचा. पण सगळ्यात जास्त तुझा. पान फाडायला लावलंस ते मान्य. मग दुसऱ्या दिवशी आठ घरांना अंगणात बसवून, आठ अंगठे घेऊन, आपला आपण कागद का नाही केलास? मला का नाही सांगितलंस? मी तुझ्या पायाशी बसून नुसता क्रम लिहून घेत होते तेव्हा तरी! तू छान वागलीस, आणि गेलीस. शब्द तुझ्याबरोबर जळला, निस्तरायला मी राहिले. चांगलं वागून असं अर्ध्यावर मरायचं नसतं, आते!

आज पहाटे अर्ज पुन्हा लिहिला. तुझ्या क्रमानं. एक घर इकडचं तिकडे केलं नाही. आठवा दिवस बाबीचा. बाबांनी वाचला, चहा तसाच ठेवून उठून गेले.

साहेब आज म्हणेलच, आठवं काढा, नाहीतर प्रकरण वर जाईल. तर ऐक. मी सातव्यावर थांबणार नाही. आणि तुझ्यासारखं पान फाडूनही येणार नाही. आठ नावांवर शिक्का पडेपर्यंत त्या कचेरीच्या पायऱ्या झिजवीन. हे तोंडी नाही, लिहून देतेय.

आता तू विचारशील, "आणि तवसर भात मेला तर?"

विचारू नकोस. एसटी वळणावर दिसतेय. निघते मी.

तुझी भाची,
वैजू