मासळीच्या पट्ट्यावर मासळी ठेवू देण्याबाबत

प्रति,
मा. देखरेख अधिकारी,
तलाव मासळी स्वच्छता योजना कक्ष,
लातूर.

विषय : मासळीसाठी आलेल्या पट्ट्यावर मासळी चढवण्याबाबत.
संदर्भ : खंडेनवमीला आपण दिलेला तोंडी हुकूम.

महोदय,

मी रेणापूर तालुक्यातल्या आमच्या तलावावरच्या महिला केंद्रात रोहू-कटला साफ करते. लेक मांडीवर झोपली तेवढ्यात हा अर्ज लिहीत आहे. अक्षर वाकडे गेले तर ती हलली असे समजावे.

१. भूकंपानंतर उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही बाया जमिनीवर बसून मासळी चिरायचो. तिला माती लागू नये म्हणून आपल्या कक्षाने विजेवर सरकणारा, धुता येणारा निळा पट्टा बसवला. उपकार झाले.

२. खंडेनवमीला आपण त्याची पूजा केली. हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. आम्ही टोपल्या उचलल्या तर आपण ओरडलात, "अहो बाई, पूजेच्या वस्तूला मासळी? बाटवता का?" तेव्हापासून पट्टा सोवळ्यात आणि आम्ही पुन्हा जमिनीवर. धुरपतामावशी म्हणते, "पट्ट्याचा देव झाला गं, आता नवस बोला!"

३. लातूरच्या क्लासची पोरं जेवतात त्या खानावळीचे अण्णाराव हे आमचे एकुलते गिऱ्हाईक. मासळीनं डोकं चालतं असा त्यांचा विश्वास. आपण खात नसाल. त्यांनी बजावले आहे की महिनाअखेर मासळी पट्ट्यावर दिसली नाही तर घेणे बंद. म्हणजे केंद्रही बंद. सोवळे तोंडी लावून भाकर खाता येते काय, ते कळवावे.

४. तरीही अडचण असल्यास रोहूच्या गळ्यात तुळशीमाळ घालण्यास मंजुरी द्यावी. मासळी माळकरी झाली की चालेल ना?

५. आजवर त्या पट्ट्यावर एकच जीव चढला आहे, माझी मनू. वीज आपणच तोडून ठेवलेली. शेडमध्ये कोरडी जागा तेवढीच. माझ्या हाताला वास मासळीचा, तरी माझंच बोट धरून झोपते. परवा तिने तिथेच शू केली. मी पट्टा धुतला. सगळे लख्ख निघाले, आपले हळदकुंकूसुद्धा. देव कोपला नाही.

तरी आता पूजेची अडचण उरलेली नाही. वायरमन लिंबाजी सोमवारी वीज जोडायला येतो आहे. मनूला झोळी बांधली आहे. मासळी पट्ट्यावर चढेल. अडवायचे असल्यास समक्ष यावे. बसायला जमिनीवर भरपूर जागा रिकामी झालेली असेल.

पट्ट्याला नव्हे, आपल्याला हात जोडून,
राजकन्या सुदाम तारू
ता. १८ नोव्हेंबर २००६

सोबत : पट्ट्याच्या चाकात अडकलेला झेंडूचा हार, वाळलेला.