खुर्चीत बसून दिलेलं उत्तर

सर, शिरूरच्या ज्या कॉलेजात मी नाटक बसवतो, तिथल्या एका मुलीनं गेल्या आठवड्यात मला विचारलं, "तुम्ही तालमीत सगळे व्यायाम घेता, मग शिबिरात असतो तो खुर्चीचा का नाही घेत?" मी म्हणालो, वेळ पुरत नाही. साफ खोटं. कंपनी सुटल्यापासून माझ्याकडे वेळ सोडून दुसरं आहे काय? तिला ते पटलं नाही, हे मला दिसलं. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जायला तयार नाही. प्रेमानं आठवताय असंही नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी तुमच्याबद्दलचा एक संशय मी अजून जपून ठेवलाय, आणि आज तो तुमच्यासमोर मांडणार आहे.

सणसवाडीच्या त्या कंपनीत तुम्ही दिवसभर पर्सोनेल खात्याचे, म्हणजे माणसं घेण्या-काढण्याचे साहेब आणि संध्याकाळी कॅन्टीनमागच्या शेडमध्ये आमचे सर. पहिली पाळी सुटली की आम्ही सहाजण कामगार स्पर्धेच्या नाटकासाठी जमायचो. पाठांतर तुम्ही पहिला महिनाभर करूच दिलं नाही. पात्र कुठून चालतं, गुडघ्यातून, पोटातून की हनुवटीतून, ते आधी शोधा म्हणायचात. त्याच्या खिशात काय काय आहे ते लिहून आणा. तळेगावच्या बाजारात जा, एक माणूस निवडा, अर्धा तास त्याच्या मागं हिंडा आणि त्याची चाल इथं घेऊन या. मी मेथी विकणाऱ्या एका म्हातारीचं बसणं-उठणं करून दाखवलं, तर तुम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात. माझ्या शेजारच्या प्रेस मशीनवर निमोणे गावचा माझा दोस्त होता. तो नाटकात नव्हता, पण रोज विचारायचा, "आज काय शिकवलं रं सायबानं?" चालायला शिकवलं म्हटल्यावर म्हणाला, "आन् आईनं काय शिकवलं व्हतं मग?" आम्ही दोघंही ठेकेदाराकडं, दोघंही कधी एकदा कायम होतो याची वाट बघणारे.

मग खुर्ची आली. एकानं मधोमध बसायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, आणि बसलेल्यानं पात्र म्हणूनच उत्तरं द्यायची. संहितेत नसेल ते रचायचं. माझी भूमिका बंद पडलेल्या कारखान्याच्या वॉचमनची. साथीदाराचं गुपित त्याला ठाऊक असतं आणि शेवटपर्यंत तो ते सांगत नाही. इतरांनी विचारलं, बायको कुठली, जेवायला काय आवडतं. सगळ्यात शेवटी तुम्ही विचारलंत. तुमचा आवाज मला आजही ऐकू येतो.

"गेल्या बाजाराला कुठं होतास?"

"तळेगावात."

"एकटाच?"

"न्हाई. आठ-धा जन व्हतो. चहाच्या टपरीमागं."

"कशाला जमलात?"

"युनियन काढायचं बोलनं चाललंय."

"पुढाकार कुणाचा?"

मी थांबलो. शेडच्या पत्र्यावर कावळा चालत होता, एवढाच आवाज. मग मी म्हणालो, "निमोण्याचा हाय एकजन. त्योच बोलतो, बाकीचे ऐकत्यात."

तुम्ही ताडकन उठलात. "आत्ता! आत्ता तू पात्रात शिरलास!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मी मनानं रचलं. मला कशात तरी गती आहे असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं, सर.

पुढच्या सोमवारी माझ्या दोस्ताला गेटवरच अडवलं. यादीत नाव नाही म्हणाले, कारण कुणी सांगेना. माझी पाळी सुटेपर्यंत तो रस्त्यापलीकडं उन्हात उभा होता. मी बाहेर आल्यावर म्हणाला, "कुनी सांगितलं आसंल रं?" मी म्हणालो, "काय म्हाईत." दोन महिन्यांनी मी कायम झालो. स्पर्धेत अभिनयाचं प्रमाणपत्रही मिळालं. तुम्ही पाठीवर हात ठेवलात, तेव्हा तो साहेबाचा की सरांचा, असं मनात आलंच.

तुम्ही गेल्यावर तुमच्या मिसेसनी तुमची तालमीची वही मला दिली. ती मी फौजदारासारखी वाचली. त्या दिवसाच्या पानावर एवढंच आहे : "वॉचमन, खुर्ची. नाव सांगण्याआधीचा थांबा फार खरा. प्रयोगात हाच ठेवायचा." वाचून मी निराश झालो. मला पुरावा हवा होता. मग वाटलं, ऑफिसातलं तुम्ही या वहीत कशाला लिहाल? तेवढे हुशार होतातच.

गेल्या दिवाळीत दौंडला स्टेशनबाहेर तो निमोण्याचा दोस्त भेटला. रिक्षा आहे त्याची. गळ्यातच पडला. "नाटकं चालू हायत का अजून? तुझं सर लई भारी मानूस. मला काढलं तवा त्यांनीच दौंडच्या एका वर्कशॉपला चिठ्ठी दिली व्हती." मला हे माहीत नव्हतं. मी लगेच हिशेब मांडायला बसलो : चिठ्ठी का दिलीत? दया म्हणून की अपराधी वाटलं म्हणून? बघा, तुमचा चांगुलपणाही मी सरळ घेऊ शकत नाही.

पण वहीतलं ते वाक्य खरं आहे. त्या थांब्यात वॉचमन नव्हताच. कायम करायच्या एका जागेसाठी आम्हा दोघांची नावं गेली होती, ते मला आठवलं. समोर कोण साहेब बसलेत, तेही मला नीट दिसत होतं. ते आठवून, बघून, मग मी बोललो. तुम्ही नाटक म्हणून विचारलंत की चौकशी म्हणून, हे मला कधीच कळणार नाही. मी मात्र नाटक म्हणून सांगितलं नाही.

हे तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही ते वाचणार नाही. ज्याला सांगायला हवं त्याचा नंबर दिवाळीपासून माझ्या मोबाईलमध्ये आहे, आणि मी तो अजून लावलेला नाही.