करंजाच्या तेलाची वही

मी, मार्तंड त्र्यंबक घाटे, वय ७४, राहणार मनीषनगर, नागपूर, रस्ते-तपासणी प्रयोगशाळेतला निवृत्त सहायक, कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र करतो. मी शुद्धीवर आहे, तशी डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. मन मात्र गोंधळलेले आहे, हेही नमूद करतो.

१. राहते घर पत्नी सुमती हिला, तिच्यामागे मुलगी उत्तरा हिला. माडीवरच्या डब्यांतले तेल मोरीत ओतू नये. मोरी तुंबते.

२. डांबराचा कडकपणा मोजायची सुई, तापमापक व कढई माझा जुना सहकारी दुर्गेश याला. आम्ही सात वर्षे बोललेलो नाही. दोष माझा.

३. जुने डांबर उन्हाने सुकते, तडकते. करंजाच्या तेलाचे मिश्रण मुरवले तर ते पुन्हा मऊ होते, असे मला वाटे. फेब्रुवारी २०१८ मध्ये नंदनवन वस्तीतील एका गल्लीच्या अर्ध्या भागावर, रहिवाशांना विचारून, मी ते फवारले. चौथ्या दिवशी तिथेच त्या गल्लीत राहणाऱ्या अरुंधतीबाईंची स्कूटर घसरली. धंतोलीतल्या दवाखान्यात त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. त्या अजून लंगडतात.

दुर्गेश म्हणाला, "तेल जास्त झालं, साहेब. वहीत लिहा." जवळच बांधकामाची रेतीही सांडली होती. मी फक्त 'रेती' लिहिले.

आज उरलेली अर्धी गल्ली फुटली आहे, माझा भाग शाबूत आहे. याचा आनंद मानावा की लाज, मला कळत नाही.

४. प्रयोगाची वही अरुंधतीबाईंना. त्यांनी ती इंजिनिअरिंग कॉलेजला द्यावी किंवा जाळावी. 'रेती'पुढे 'किंवा तेल' असे मी आता लिहिले आहे.

हे सांगायला काल त्यांच्याकडे गेलो.

"तेलानं पडली का रेतीनं, ते सांगा ना, काका."

"खरंच ठाऊक नाही."

"मंग सात वर्षांनी काहून आले?"

त्यांनी गुडघा चोळला. मग म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर वही घेऊन काय करू? कोणाले इचारू? उद्या दहा वाजता आणा. समोर बसून पानन् पान समजावून सांगा. मंग पाहू."

सबब कलम ४ रद्द. वही आज सकाळी मी स्वतः नेऊन देत आहे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

मार्तंड त्र्यंबक घाटे

आमच्यासमक्ष सही झाली, साक्षीदार:
मनोहरराव ठवकर, शेजारी
डॉ. श्वेता बोकडे

नागपूर, १८ नोव्हेंबर २०२५, सकाळी नऊ