धावत आलेल्या मुलीचं नाव

तीर्थरूप आईस,
लेकीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. मुलींच्या वसतिगृहाच्या देखरेखीचं काम आता अंगवळणी पडलंय. बाबांचा गुडघा कसा आहे?

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. परवा दुपारी एक मुलगी दारू पिऊन बाथरूममध्ये बेशुद्ध पडली. तिची मैत्रीण धावत माझ्याकडे आली, म्हणून ती वाचली. मैत्रीणही थोडी प्यायलेली होती. रडत म्हणाली, "ताई, मला काढून टाकतील ते, पण आधी तिला बघा हो!"

आज प्राचार्यांनी बोलावलं. मुलगी कशी आहे, हे विचारलंसुद्धा नाही. म्हणाले, "दुसरीचं नाव द्या. दोघींना घरी पाठवू, म्हणजे कीड गेली."

मी म्हटलं, "सर, मग पुढच्या वेळी कुणी सांगायला येणार नाही."

"बरंच की! आपल्या कानावर तरी येणार नाही."

एवढं बोलून ते व्यसनमुक्तीच्या फलकाखाली फोटोला उभे राहिले. आई, किळस आली गं. त्यांनी दिलेला चहा तसाच ठेवून मी उठले.

नाव उद्यापर्यंत द्यायचंय, नाहीतर नोकरी सोडायची. मी देणार नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही गल्लीभर तोंड गोड केलं होतंत, ते सारखं आठवतं. बाबांना एवढ्यात सांगू नकोस.

ती मैत्रीण आता माझ्याकडे बघतच नाही. तिला वाटतं, मी नाव सांगूनही टाकलं असेल. उद्या प्राचार्यांना नकार देऊन बाहेर आले, की आधी तिला भेटेन, मग तुला फोन करेन.

तुझी,
हट्टी