उरलेलं औषध

४ जून
नोकरीचा पहिला दिवस मजेत गेला. अतिदक्षता विभाग लहानसाच आहे. काचेच्या भिंती, चकचकीत फरशी, कोपऱ्यात ऐसपैस बेसिन. मोठ्या सिस्टरांनी सगळं हिंडून दाखवलं. बाटलीत उरलेलं अँटिबायोटिक कचऱ्यात टाकायचं नाही, बेसिनमध्ये ओतायचं, ही इथली शिस्त. जंतू मारायचंच औषध ते, पाइपही स्वच्छ राहतो, म्हणाल्या आणि हसल्या. संध्याकाळी आईला फोन केला. जेवलीस का, हा तिचा पहिला प्रश्न आणि शेवटचाही.

११ जून
हात बसला. सलाईन लावायची, औषध भरायचं, उरलेलं ओतायचं. खिडकीजवळच्या खाटेवरचे मास्तर मी सुई उचलायच्या आधीच ओरडतात, आणि पुढच्या पाळीलाही हीच पोर पाठवा म्हणून सांगतात. उद्या त्यांना साध्या वॉर्डात हलवणार.

१२ जून
हलवलं नाही. हुडहुडी भरून ताप आला. रक्त तपासायला पाठवलं.

१६ जून
मास्तर गेले.
लॅबच्या काकांनी बोलावून त्यांच्या रक्ताची थाळी दाखवली. थाळीत जंतू वाढवतात, वर औषधांच्या चकत्या ठेवतात. औषध लागू पडलं तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. इथे जंतू चकत्यांना खेटून वाढले होते. एकाच चकतीभोवती बारीक कडं. दुसरी थाळी बेसिनच्या जाळीतल्या जंतूंची. हुबेहूब तीच. इतकी वर्षं तुम्हीच त्यांना खुराक चारलात, म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

१७ जून
विभागात नवे रुग्ण घेणं बंद केलं. नळाला चिकटपट्टी लावली. दुपारी कुणीतरी ती काढली. हात धुवायचे कुठे, हाही प्रश्नच.
परवा औषधाची काच फोडताना बोट कापलं होतं. त्याच नळाखाली धरलं होतं. बोट ठणकतंय.

१९ जून
ताप. आता मीच काचेच्या खोलीत. दार बाहेरून लावतात. मानेच्या शिरेत नळी घातलीय. इथेही लहानसं बेसिन आहे. पाइप तोच. बाहेर कुणी हात धुतले की इथली जाळी गुडगुडते.

२१ जून
माझी थाळीही तशीच. ते एकच औषध सुरू केलंय. घशात नळी. बोलणं बंद. वहीत लिहून दाखवते.

२४ जून
ताप उतरला. घशातली नळी अजून आहे. काकांनी काचेपलीकडून अंगठा दाखवला. जगेन बहुतेक.
नव्या सिस्टरने उरलेलं औषध – माझं औषध – बेसिनमध्ये ओतलं. मी मान हलवत राहिले. तिला वाटलं, तहान लागलीय.

२५ जून
लिहून दाखवलं. सवयीने झालं गं, म्हणाली.
दुपारी पुन्हा ओतलं.

२७ जून
रोज ओततात. एवढं एकच औषध उरलंय, आणि तेही त्या जंतूंना चारतायत –
जाळी गुडगुडते.

२८ जून
आई आलीय. आत सोडली. पर्स, चष्मा बाहेर ठेवून घेतला. हात धुऊन मगच जवळ जा, असं सांगितलेलं दिसतं. धुतेय. नीट, कोपरापर्यंत. जाळीतलं पाणी उडतंय तिच्या हातांवर –
वही दाखवली. डोळे बारीक करते. दिसत नाही म्हणते. बरी झालीस की वाचून दाखव म्हणते.
मानेतल्या नळीवरची पट्टी सुटलीय. नीट करते म्हणते. ओले हात –
आराम कर म्हणते. पेन्सिल ओढतेय –
आई, हात नको ला