बेसमेंटमधली स्पोर्ट गाडी

रविवार, ३ मार्च
आपली गाडी बेस मॉडेल आहे. मेहुण्याने आज याला दुजोरा दिला, तोही बिल्डिंगच्या गेटवर, वॉचमनच्या देखत. म्हणाला, दाजी, तुमची नि माझी गाडी एकच हो, फक्त तुमची बेस आणि माझी स्पोर्ट. ते 'फक्त' मी विसरणार नाही.
बोलताना सारखा कंबर चोळत होता. स्पोर्ट मॉडेल घेतल्यापासून उभं राहण्यातसुद्धा ऐट आली आहे. गाडी आमच्या बेसमेंटमध्ये उतरवत नाही, रस्त्यावरच लावतो. चार लोकांना दिसावी म्हणून.
निश्चय: आपल्या गाडीला स्पोर्टचं सस्पेन्शन. गुपचूप.

सोमवार, ४ मार्च
सासऱ्यांचं खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. सोळाला, शनिवारी घरी सोडणार. आमच्याकडेच राहतील. हिने विचारलं, ॲम्ब्युलन्स सांगू का. मी म्हणालो, जावई मेलाय का? माझ्या गाडीतून आणतो, पोटातलं पाणी हलणार नाही. ही म्हणाली, मग तोवर कृपा करून गाडीला हात लावू नका.
सासरे जन्मभर बसमध्ये कंडक्टर. धक्क्यांतले दर्दी. लग्नापासून आजवर त्यांनी माझ्या एकाही गोष्टीला बरं म्हटलेलं नाही. शनिवारी म्हणतील.

मंगळवार, ५ मार्च
मेकॅनिक मिळाला. मेहुण्याच्या काचेवर सर्व्हिसिंगचा स्टिकर आहे, त्यावरचा नंबर परवा शिताफीने टिपून घेतला होता.
नशीब बघा! त्याच्याकडे नुकतंच एक गिऱ्हाईक आलंय. आपलंच मॉडेल, पण स्पोर्ट. त्या माणसाला स्प्रिंगा आणि शॉक अब्सॉर्बर काढून साधे हवेत. कडक लागतात, कंबर धरते म्हणे. असलेही लोक गाड्या घेतात. अदलाबदल ठरली.
गॅरेजमध्ये गाडी न्यायला मी नकार दिला. तिथे मेहुणा जात-येत असणार. काम आमच्या बेसमेंटमध्येच होईल. सगळ्या बाजूंनी विचार करावा लागतो.

रविवार, १० मार्च
ही दिवसभर हॉस्पिटलमध्ये. काम फत्ते. गाडी अशी खाली बसली आहे की चाक आणि मडगार्ड यांच्यात बोट जात नाही. स्पोर्टची चाकं मोठी असतात, ती आपल्याकडे नाहीत. मेकॅनिक म्हणाला, बिघडत नाही साहेब, उलट स्पोर्टपेक्षा खाली दिसते. म्हणजे मेहुण्याच्याही पुढे गेलो.
जुने पार्ट तो घेऊन गेला. खुशीच्या भरात त्याला माझा हिरव्या काड्यांचा गॉगल देऊन टाकला. वाढदिवसाला हिने दिलेला. विचारलं तर सापडत नाही म्हणेन.

सोमवार, ११ मार्च, सकाळी
रॅम्पच्या वरच्या टोकाला सिमेंटचा उंचवटा आहे, पाणी आत येऊ नये म्हणून. इतकी वर्षं राहतो इथे, कधी लक्षात आला नव्हता. आज गाडी त्यावर पोटावर टेकली. पुढची चाकं रस्त्याकडे, मागची बेसमेंटकडे, मधे मी. पाठीमागे सगळ्या बिल्डिंगचे हॉर्न.
वॉचमन म्हणाला, साहेब, आत तर आली होती. सगळ्यांनी मिळून परत खाली ढकलली. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जरा जपा. गाडीला म्हणाल्या की मला, कळलं नाही.
ऑफिसला बसने गेलो. चालणं होतं.

मंगळवार, १२ मार्च
उंचवट्याला फळ्या लावून पाहिलं. फळ्या मोडल्या. टायरमध्ये हवा वाढवली. रिव्हर्समध्ये चढवली. आता सायलेन्सर घुमतो. आवाजही स्पोर्टी झाला, ही जमेची बाजू.

बुधवार, १३ मार्च
ही बेसमेंटमध्ये उतरली. गाडीकडे बघून म्हणाली, अगंबाई, ही वाकून काय शोधतेय? मी म्हणालो, सस्पेन्शन नवं आहे, सेट व्हायला वेळ लागतो. ही पुढच्या सीटवर बसली आणि दार धरून, हुश्श करून उठली. म्हणाली, माझी ही गत, तर बाबा यातून उठणार कसे? आणि शनिवारपर्यंत होईल ना हिचं सेट? हो म्हणालो. आवाज ठाम होता. हिचाही चेहरा शांत होता. पूर्ण विश्वास.

गुरुवार, १४ मार्च
मेकॅनिकला फोन. जुने पार्ट परत हवेत म्हटलं. ते सोमवारीच त्या गाडीत बसवले म्हणे. मालक इतका खूष, की जीव गेला तरी द्यायचा नाही. मी म्हटलं, त्याला सांगा, ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न आहे. मेकॅनिकने विचारून कळवलं: त्याच्याही वडिलांचं ऑपरेशन झालंय.
स्वार्थासाठी लोक सख्ख्या बापाच्या नावाने थापा मारतात. कंपनीकडून नवे पार्ट मागवले तर महिना.

शुक्रवार, १५ मार्च
टोइंगवाला येऊन गेला. त्याची क्रेन आमच्या रॅम्पच्या छताला लागते. गाडी बाहेर काढायची तर आधी बिल्डिंग उचला म्हणाला. उद्धट माणूस.
हिला आज सांगणार होतो, पण दमलेली दिसली. उद्या सकाळी चहाबरोबर सांगेन.

शनिवार, १६ मार्च
चहा व्हायच्या आत हिने सांगितलं, की भावाला बोलावलंय, तो बाबांना घेऊन येईल. वॉचमनने म्हणे तिला सोमवारीच सगळं सांगितलं होतं. मग बुधवारी सीटवर बसून बघायचं काय कारण? म्हणाली, तुम्ही आपण होऊन सांगताय का, ते बघत होते.
दुपारी मेहुण्याची गाडी आली. रस्त्यावर थांबली नाही. उंचवट्यावरून अलगद उतरून थेट लिफ्टपाशी. सासरे वॉकरला धरून आपले आपण बाहेर आले आणि म्हणाले, पोटातलं पाणी हललं नाही.
जन्मात त्यांनी कुठल्या वाहनाची अशी तारीफ केली नसेल.
मेहुणा जवळ येऊन म्हणाला, दाजी, तुमच्यापासून काय लपवायचं? त्या स्पोर्टने माझी कंबर मोडली होती. बाबांनाही पुढे न्यावं-आणावं लागणार म्हणून साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. कुणी एक गाढव भेटलं, त्याने आपल्या काढून दिल्या, वर मेकॅनिकला गॉगल दिला. हिरव्या काड्यांचा. दिवसभर लावून हिंडतोय तो.
ही माझ्याकडे बघत राहिली. मग लिफ्टचं बटण दाबलं.

रविवार, १७ मार्च
नीट विचार केला तर सासऱ्यांनी माझ्याच स्प्रिंगांना बरं म्हटलं. हे कुणालाही सांगता येत नाही.
दुपारी थोडा वेळ खाली जाऊन गाडीत बसलो. उठताना वॉचमनने हात दिला.
बुधवारी सासऱ्यांना टाके काढायला न्यायचंय. मेहुणा येणार आहे. सासरे पुढे, ही नि मी मागे, वॉकर माझ्या मांडीवर. त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय, जावईबापू, खिडकीत बसा आणि लक्ष देऊन बघा, गाडी कशी असावी ते.