दुसऱ्यांदा विचारेल तेव्हा

४ ऑक्टोबर, सकाळ

आजपासून डायरी. चिरंजीवांच्या चष्म्याच्या दुकानात कुणी तरी भेट दिलेली, कोरीच पडून होती. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे अक्षराचं काही विचारू नये. विचारणार तरी कोण, कपाटात ठेवणीतल्या कपड्यांखाली ठेवणार आहे.

बातमी अशी की नात पुढच्या महिन्यात चालायला निघणार आहे. बाजारात नव्हे. समुद्रापासून डोंगरापलीकडच्या तळ्यापर्यंत एक पायवाट आहे म्हणे. पाठीवर सगळं घर घेऊन चालायचं, रात्री तंबू ठोकून झोपायचं, असे तीन आठवडे. आली की लगेच दुसऱ्या शहरात नवी नोकरी. म्हणजे ही पोरगी माझ्याशेजारी झोपायची ती एवढीच शेवटची संधी. लहानपणी माझी कूस सोडून झोपत नसे, सूनबाईंना विचारा. नको, सूनबाईंना नको विचारायला, त्यांना ते अजून लागतं.

काल जेवताना म्हणाली, आजी, तंबू दोघींचा आहे, वाट सोपी आहे, हळूहळू जाऊ, येतेस का? मला इतका आनंद झाला की घास गिळायचा राहिला. मी म्हटलं, नको गं बाई, मी म्हातारी कुठे येऊ, तू जा. ती म्हणाली, बरं.

म्हणजे पहिलं विचारणं झालं. पहिल्याला कुणी हो म्हणतं का? काही रीत आहे की नाही. आमच्या ह्यांनी लग्नानंतर सिनेमाला येतेस का विचारलं, मी नको म्हटलं, ते चपला घालून दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा विचारलं, मग मी गेले. जन्मभर तसंच चाललं. त्यांना एकदाही सांगावं लागलं नाही. आता नात दुसऱ्यांदा विचारेल तेव्हा तयारी नको का? उद्यापासून रोज चालायचं.

६ ऑक्टोबर

चालले. गेटपर्यंत. वॉचमनच्या बायकोचं ऑपरेशन झालंय, त्याची चौकशी केली. अशी चौकशी उभ्याने करणं बरं दिसत नाही, म्हणून त्याच्या खुर्चीवर बसले. तो बिचारा उभा होता. सगळं ऐकून होईपर्यंत ऊन चढलं. येताना लिफ्टने आले, कारण जिना उद्यासाठी ठेवलाय. एकंदर घराबाहेर वेळ बराच झाला, तो चालण्यातच धरला.

९ ऑक्टोबर

हॉलमध्ये तंबू लावला. दोऱ्या सोफ्याच्या पायाला आणि फ्रिजच्या दाराला बांधल्या. नात म्हणाली, आजी, आत ये, शेजारी आडवी हो, कुशीवर वळून बघ, दोघींना पुरतंय ना? दोघींना, असं म्हणाली. मी तीनदा वळून दाखवलं. चौथ्यांदा वळताना एक काडी वाकली, पण ती म्हणाली होते सरळ. आत किती छान हिरवा उजेड असतो. तिच्या केसांना अजून तोच वास येतो, शाम्पू बदलला तरी.

फ्रिजचं दार ओढलं जाऊन रात्रभर उघडं राहिलं, दूध नासलं. सूनबाई काही बोलल्या नाहीत, भांडी मात्र बोलली.

१३ ऑक्टोबर

बूट आले. चांगले कातडी, घोट्याच्या वरपर्यंत. आणि नंबर माझा. नात म्हणाली, आजी, तुझ्याच मापाचे आहेत, रोज घालून घरात फिरशील का? नवे बूट आधी पायाने नरम करावे लागतात, नाहीतर वाटेत फोड येतात.

आता काय राहिलं? आजकालची मुलं सरळ बोलत नाहीत, बूट आणून ठेवतात. मी म्हटलं, बघू. दुपारी सगळे बाहेर गेल्यावर घातले. स्वयंपाकघर, गॅलरी, देवापुढे सोडून सगळीकडे फिरले. खालच्या बाईंनी वर येऊन विचारलं की फर्निचर हलवताय का. मी म्हटलं, ट्रेनिंग आहे.

१७ ऑक्टोबर

पाठीवरच्या बॅगेचा सराव. जड सामान एकदम भरू नये, म्हणून उशा भरल्या. बॅग भरलेली दिसली की मनालाही सवय होते. पलंगाच्या कडेवर बसून पट्टे अडकवले आणि उठायला गेले तर मागे गेले. पाठीवर बॅग, बॅगेखाली पलंग, हातपाय वर. चिरंजीव दुकानातून जेवायला येईपर्यंत तशीच. तो म्हणाला, आई, हे काय? मी म्हटलं, पडलेय जरा. त्याने उचललं, पण जेवताना बायकोला सांगून हसला. पोटचा मुलगा. नऊ महिने मी त्याला घेऊन फिरले तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

गुडघेही तसलेच. इतकी वर्षं तेल पाजलं, वेळेला उजवा उलटला.

२१ ऑक्टोबर

नातीच्या ऑफिसात कसलासा कोर्स झाला. तिथे शिकवलं म्हणे की समोरचा नको म्हणाला तर नकोच समजायचं, गळ घालायची नाही, माणसाच्या शब्दाचा मान ठेवायचा. मी हसून हसून खोकले. मान ठेवायचा म्हणून पाहुण्याला उपाशी घालवणार का? पगार देऊन असलं शिकवतात.

मग सहज म्हटलं, एवढ्या मोठ्या तंबूत तू एकटी, जिवाला घोर लागतो. ती म्हणाली, एकटी कुठे आजी? आणि माझ्या बुटांकडे बघून डोळा मिचकावला. बस. मला अजून काही नको. दाताची डबी, गुडघ्याचं तेल आणि लोकरीची टोपी वेगळी काढून ठेवली.

डोक्याला बांधायचा दिवा एकदम उत्तम. चष्मा पलंगाखाली गेला होता, तो सापडला.

२६ ऑक्टोबर

लिहवत नाही. तरी लिहिते.

संध्याकाळी फोन वाजला. नातीचे हात पिठाचे, म्हणून तिने स्पीकर लावला. विहीणबाई. सूनबाईंच्या आई. त्या म्हणाल्या, काय गं, माझे बूट झाले का नरम?

माझे. मी त्या वेळी ते घालूनच उभी होते.

सगळं कळलं. मी नको म्हटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी नातीने त्यांना विचारलं. आणि बाईंनी फोनवरच, पहिल्या विचारण्याला, हो, कधी निघायचं, असं उत्तर दिलं. मागे या घरातही पहिल्यांदा वाढताना त्यांनी ताट पुढे केलं होतं, मी तेव्हाच ओळखलं होतं. त्यांचे पाय नाजूक, आणि माझा नि त्यांचा नंबर एक, म्हणून बूट इथे मागवले. चिरंजीवांना माहीत. सूनबाईंना माहीत. वॉचमनलासुद्धा माहीत, त्याच्या खुर्चीवर बसून मी रोज तळ्याच्या गोष्टी सांगत होते आणि तो हो हो करत होता.

नात म्हणाली, आजी, तुला यायचं होतं का? तू तर नको म्हणालीस. मी म्हटलं, मला कुठे यायचंय, मी आपली पाय मोकळे करत होते.

हे विचारणं दुसरं धरायचं का? नाही. होतं का असं म्हणाली, आहे का असं नाही म्हणाली.

३० ऑक्टोबर

त्या बुटांना पुन्हा पाय लावणार नाही.

३० ऑक्टोबर, दुपार

फरशी फार गार आहे, म्हणून लावला. ह्यांचे लोकरीचे मोजे घातले, एकावर एक दोन जोड. पाय जेमतेम गेले. पण एकदा काम अंगावर घेतलं की नीट करावं. दिवसभर घालून फिरले, जिनासुद्धा उतरले. आता कातडं चांगलं सैल झालंय. फार सैल नाही. नाजूक पायांना ऐसपैस बरं.

३ नोव्हेंबर

विहीणबाई आल्या. उद्या सकाळी निघायचं. नवी टोपी, नव्या काठ्या, गळ्यात शिट्टी. बूट घालून समोरच्या बागेत सराव करून येते म्हणाल्या. मी म्हटलं, अवश्य.

परत आल्या त्या रिक्षाने. बाग समोर आहे. दोन्ही टाचांना फोड, आणि अंगठ्याशी सोललेलं, कारण माझ्या अंगठ्याचं हाड बाहेर आहे आणि बुटाने तेवढा फुगवटा धरला होता. त्या म्हणाल्या, ह्यात पाय नुसता पोहतोय. त्यांना शुगर, पायाला जखम चालत नाही. डॉक्टरांनी फोनवरच नाही म्हणून सांगितलं.

मी स्वतःच्या हाताने मलम लावलं. किती वाईट वाटलं ते देवाला ठाऊक. त्यांनी बूट माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाल्या, घ्या, तुमच्याच पायाचे झालेत.

 नातीने दोनदा माझ्याकडे बघितलं. माझी पिशवी दारामागे तयार आहे. डबी, तेल, टोपी. उजवा गुडघासुद्धा आज शहाण्यासारखा वागतोय.

४ नोव्हेंबर, सकाळी

बूट घालूनच निरोप द्यायला उभी राहिले. खाली टॅक्सी आली. नातीने बॅग पाठीवर चढवली, दारात गेली आणि थांबली. अगदी ह्यांच्यासारखी थांबली. वळून म्हणाली, आजी, तंबूत एक जागा आहे, टॅक्सीत पण आहे. येतेस?

मी म्हटलं, नको गं बाई, मी म्हातारी कुठे येऊ, तू जा.

कसं निघालं तोंडातून, कळलं नाही. पण हा नवा प्रश्न होता, नव्या प्रश्नाला आधी नकोच म्हणायचं. ती थोडी थांबली. मीही थांबले. मग तिने मला घट्ट मिठी मारली, माझ्या शब्दाचा मान ठेवला आणि लिफ्टमध्ये शिरली.

लिफ्टचे आकडे उतरताना बघत उभी राहिले. तळाला गेली की परत वर येईल असं वाटलं. मग गॅलरीत गेले, म्हटलं खालून हाक मारून विचारेल. तिने हात केला. मीही केला. टॅक्सीचं दार लागलं.

आत आले. विहीणबाई पाय स्टुलावर टाकून बसल्या होत्या. सूनबाईंनी चहाची किटली त्यांच्यापुढे ठेवली होती. विहीणबाईंनी विचारलं, घेणार का चहा?

नको, म्हटलं.

त्यांनी उरलेला सगळा आपल्या कपात ओतून घेतला.